‘बो’ की ‘बाव’: मालवणच्या किनाऱ्यावरचं एक वाचन-प्रकरण

मुलगा मालवण तालुक्यातल्या एका किनारी वाडीतला. बारावी शास्त्र शाखेतून पास, मार्क बरे. वडील आणि काका मिळून एक यांत्रिक होडी चालवतात, आणि हा शाळेत असल्यापासून सुट्टी लागली की त्यांच्याबरोबर समुद्रात जात आला आहे. त्याला मोठ्या मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून जायचं होतं. कोकणात ही वाट जुनी आहे. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा 1981 साली झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या जात होते. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखालचा तो टिंडाल. साहेबाचा हुकूम सारंगाच्या तोंडून, आपल्याला कळेल अशा बोलीत खाली यायचा. आता एकाच जहाजावर वेगवेगळ्या देशांची माणसं असतात आणि हुकूम थेट इंग्रजीतच येतो. मधे कोणी सारंग नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच मुलाचं तोंडी इंग्रजी बघतात.

अशाच एका प्रशिक्षण संस्थेच्या तोंडी चाचणीत या मुलाला नकार मिळाला. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, जहाजाच्या ‘बाव’वर पहाऱ्याला उभ्या केलेल्या माणसाचं काम काय? ‘बाव’ हा आवाज मुलाच्या ओळखीचाच नव्हता. ‘माका वाटला ‘बॉय’ म्हणतत,’ असं त्याने मला नंतर सांगितलं. मग त्याने जहाजावरच्या पोऱ्याला कोणकोणती कामं पडतात ती सांगितली: डेक धुणं, गंज खरवडणं, रंग देणं. पुढचे एक-दोन प्रश्नही असेच हुकले. शेरा पडला, इंग्रजी आकलन कमकुवत.

तो शेरा चुकीचा होता, आणि का चुकीचा होता ते नीट मांडायला हवं म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. बी-ओ-डब्ल्यू हा शब्द मुलाला येत होता. त्याचा एक अर्थ धनुष्य आणि दुसरा जहाजाची नाळ, म्हणजे अगदी पुढचं टोक, हे दोन्ही त्याला पाठ होतं. पण दोन्ही अर्थांना तो ‘बो’च म्हणायचा. धनुष्याला ते बरोबर आहे. जहाजाच्या नाळेला मात्र ‘बाव’ म्हणतात. आणि कामाचं म्हणाल तर घरच्या होडीच्या नाळेवर उभं राहून समोरचा बोया, दुसऱ्याचं पसरलेलं जाळं, पाण्याखालचा खडक हेरायचा आणि सुकाणूवरच्या वडिलांना हाक द्यायची, हे तो लहानपणापासून करत आला होता. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी 1972 साली जी आंतरराष्ट्रीय नियमावली ठरली, तिचा पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने नजरेने आणि कानाने सतत पहारा ठेवला पाहिजे. हा नियम वाचण्याच्या कितीतरी आधी त्याच्या अंगवळणी पडला होता. त्याचे वडील मला म्हणाले, ‘झील होडीर कधी गडबडाक नाय, मगे थंय कित्याक गडबडलो?’ होडीवर कधी न गडबडलेला मुलगा तिथे का गडबडला, हा प्रश्न अगदी योग्य होता.

वहीत काय होतं

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि घरोघरच्या पडवीत जाळी सांधायचं काम चालू असतं. त्या दिवसांत तो माझ्याकडे येऊ लागला. त्याची आतेबहीण माझ्या वर्गात होती, तिनेच त्याला आणलं. येताना तो दहावीपासून जपलेली शब्दांची वही घेऊन आला होता.

वही फार निगुतीने लिहिलेली होती. पट्टीने आखलेले तीन रकाने: इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ. गाईडांत छापतात तशीच मांडणी. प्रत्येक शब्दाला एक ओळ आणि त्या ओळीत एक उच्चार. एल-ई-ए-डी, लीड, पुढे नेणे. डब्ल्यू-आय-एन-डी, विंड, वारा. आर-ई-एफ-यू-एस-ई, रिफ्यूज, नकार देणे. जिथे अर्थ दोन, तिथे शेवटच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन दुसरा अर्थ जोडला होता, मधला रकाना मात्र तसाच. टी-ई-ए-आर, टिअर, अश्रू, फाडणे. ही शेवटची ओळ बघितली आणि दुखणं कुठे आहे त्याचा निम्मा अंदाज आला. फाडणे या अर्थी तो शब्द ‘टेअर’ आहे. अर्थ दोन लिहून घेतले होते, आवाज एकच.

खात्री करायला मी बंदरावरच्या कामाचा एक छोटा उतारा इंग्रजीत लिहून त्याला मोठ्याने वाचायला दिला. असे शब्द त्यात मुद्दाम घातले होते. पहिल्याच ओळीत, डेकवरचा कचरा झाकणाच्या पिंपात ठेवावा, असं होतं. कचरा या अर्थी आर-ई-एफ-यू-एस-ई. हा शब्द नाम असतो तेव्हा ‘रेफ्यूस’ म्हणतात, पहिल्या अवयवावर, म्हणजे शब्द तोडून म्हटला तर पहिल्या तुकड्यावर, जोर देऊन. त्याने ‘रिफ्यूज’ वाचलं. अर्थ विचारल्यावर तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, ‘नकार पिपात ठेवूचो?’ त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं, पण वहीत दुसरं काही नव्हतं. पुढे एका ओळीत, तुटलेला दोर पंख्याभोवती गुंडाळला गेला, असं होतं. डब्ल्यू-ओ-यू-एन-डी. गुंडाळला या अर्थी ते ‘वाउंड’ आहे, जखम या अर्थी ‘वूंड’. त्याने ‘वूंड’ वाचलं आणि पंख्याला कसली जखम झाली यात अडकला. होडीच्या पंख्यात दोर किंवा जाळं अडकणं म्हणजे काय, हे मला त्याने शिकवावं. पण त्या ओळीत तेच लिहिलं आहे हे त्याला ओळखता येईना.

मग मी उलट करून बघितलं. कागद बाजूला ठेवला आणि तोच उतारा योग्य उच्चारांत त्याला वाचून दाखवला. आता त्याला आधीपेक्षाही कमी कळलं. ‘लेड’, ‘वाउंड’, ‘टेअर’, ‘बाव’ हे आवाज त्याच्या मनात कशालाच जोडलेले नव्हते. शेवटी मजकूर मराठीत सांगितला, तेव्हा तो माझ्या पुढे गेला. शिशाच्या गोळ्या जाळ्याच्या खालच्या दोरीला किती अंतराने ओवतात, त्या झिजल्या की जाळं पाण्यात कसं उभं राहत नाही, सगळं त्याने सांगितलं. शिसं या अर्थीच तो एल-ई-ए-डी ‘लेड’ आहे, आणि त्या क्षणी पडवीत त्याच्या मांडीवर जे जाळं होतं त्याला ते शिसं लटकत होतं.

तपासणीतून जे निघालं ते असं. विषयाचं ज्ञान पूर्ण. डोळ्याने ओळखायची शब्दसंपत्ती चांगली. एका लिखाणामागे जिथे दोन शब्द दडलेले आहेत, तिथे मात्र त्याच्याकडे एकच आवाज, आणि तो पुष्कळदा त्या ठिकाणचा नाही. याला कमकुवत आकलन म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

घरात इंग्रजी बोलतात अशा मुलाला ही अडचण मुळात येतच नाही. ‘बो’ आणि ‘बाव’, ‘लीड’ आणि ‘लेड’ हे त्याच्या कानाला जन्मापासून वेगवेगळे शब्द असतात. कागदाशी गाठ पडल्यावर त्याला पहिल्यांदा कळतं की हे दोघं सारखेच लिहितात, आणि तोवर दोन्ही आवाज त्याच्या पक्के ओळखीचे झालेले असतात. आपली मुलं आधी कागद बघतात. लिखाण एक दिसतं म्हणून शब्दही एकच धरतात, आणि दुसरा आवाज त्यांच्या कानावर पडतो तो थेट परीक्षेत. या शब्दांचा घोटाळा सगळा कागदावरचा आहे. बोलण्यात तो नाही.

कागदावर एक कसे झाले

मुलाला याचं कारण हवं होतं. ‘बाई, ह्यो एकच शब्द दोन तऱ्हेन कसो वाचूचो?’ असं त्याने विचारलं, आणि ‘इंग्रजी तशीच आहे’ एवढं उत्तर देऊन मी त्याला परत पाठवू शकत नव्हते. बारावी शास्त्र झालेल्या मुलाला कारण सांगितलं तर ते त्याच्या लक्षात राहतं.

विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला तो 1476 साली. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक जागा बदलत होते. म्हणजे स्पेलिंग छापून घट्ट होऊ लागलं तेव्हा उच्चार अजून हलत होते. त्यात वेगवेगळ्या कुळांचे शब्द एकाच लिखाणात येऊन बसले. शिसं या अर्थीचा ‘लेड’ आणि पुढे नेणे या अर्थीचा ‘लीड’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीतही ते दोन वेगळे शब्द होते. ‘बाव’ची गोष्ट आणखी गमतीची. धनुष्याचा ‘बो’ आणि वाकून अभिवादन करण्याचा ‘बाव’ हे मुळात एकाच घरातले, दोन्हींत वाकणं आहे, पण उच्चार वेगळे झाले. जहाजाच्या नाळेचा ‘बाव’ मात्र उत्तर जर्मन आणि डच किनाऱ्यांवरच्या नावाड्यांच्या बोलीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ खांदा. तो त्या घरचा नाहीच. नाळेच्या दोन्ही बाजूंचा फुगीर भाग हा होडीचा खांदा, हे मुलाला लगेच पटलं. पुढे तो शब्द त्याला कधी आठवून सांगावा लागला नाही.

आर-ई-ए-डी हा तर रोजचा. वाचतो ते ‘रीड’, वाचलं ते ‘रेड’, लिखाण तेच. जुन्या इंग्रजीत भूतकाळाच्या रूपात ‘ड’चं द्वित्त होतं आणि त्यापुढे स्वर आखूड झाला. द्वित्त गेलं, आखूड स्वर राहिला. याच शब्दाच्या धर्तीवर मुलं ‘लीड’चा भूतकाळही एल-ई-ए-डी असाच लिहितात; तो एल-ई-डी आहे.

माशाची जात

कारण कळलं तरी वाचताना काय करायचं हा प्रश्न उरतोच. त्यासाठी मला मराठीचाच आधार सापडला.

देवनागरी लिहिल्याप्रमाणे वाचतात असं आपण मुलांना सांगतो, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण च, ज, झ ही अक्षरं मराठीत दोन तऱ्हांनी वाचली जातात आणि लिखाणात त्याची काहीच खूण नसते. मी कागदावर एक वाक्य लिहिलं: ‘ही माशाची जात खडकात जात नाही.’ त्याने ते न अडखळता वाचलं. पहिल्या ‘जात’मधला ज आणि दुसऱ्या ‘जात’मधला ज वेगळा आहे का, असं विचारल्यावर तो म्हणाला, एकच. सावकाश वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते हे त्याला जाणवलं आणि तो चक्रावून हसायला लागला. मग ‘चार वाजले, बैलांना चारा चार’ हेही वाचून झालं. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘नीट जग’ हेही. सगळं बिनचूक, आणि सगळं त्याच्या नकळत.

नंतर मी त्या पहिल्या वाक्यावर दोन कागद असे ठेवले की मधला एक ‘जात’ तेवढा उघडा राहिला, आणि तो वाच म्हटलं. तो थांबला. ‘खंयचा जात?’ म्हणाला, म्हणजे कोणता?

मला हाच प्रश्न त्याच्या तोंडून हवा होता. मराठी वाचताना त्याचा डोळा तोंडाच्या दोन शब्द पुढे असतो. वाक्यात कोण काय करतंय हे आधी डोळ्याने टिपलेलं असतं आणि त्यावरून कुठला ज म्हणायचा ते ठरतं. इंग्रजी वाचताना मात्र त्याचा डोळा तोंडाच्या बरोबरीने एकेक शब्द चालत होता, म्हणून समोर शब्द आला की वहीतला एकमेव उच्चार बाहेर पडायचा. मी तेच दोन कागद इंग्रजी उताऱ्यावर ठेवले आणि डब्ल्यू-आय-एन-डी तेवढा उघडा ठेवला. या वेळी त्याने ‘विंड’ म्हटलं नाही. कागद सरकवून पुढचं-मागचं बघितलं, ‘दोर’ हा शब्द दिसला आणि मग म्हणाला, हे गुंडाळायचं आहे, म्हणजे दुसरं काहीतरी. ‘वाइंड’ हा उच्चार मी दिला. दुसरा शब्द आहे हे मात्र त्याने स्वतः ओळखलं होतं.

यापुढचा बराचसा अभ्यास या दोन कागदांवरच झाला. मोठ्याने वाचण्याआधी पूर्ण वाक्य डोळ्याखालून घालायचं, शंकेचा शब्द आला की ‘खंयचो?’ असं मनात विचारायचं, नाम की क्रियापद ते बघायचं, आणि मग तोंड उघडायचं. सुरुवातीला वाचन फार हळू झालं, ते होऊ दिलं.

ढीग

वही फेकली नाही. मधला रकाना रुंद करून तिची नव्याने मांडणी केली. लिलावाआधी मासळी जशी जातवार वेगळी करतात तसे शब्द वेगळे केले, तेव्हा एक मोठा दिलासा मिळाला: यातले पुष्कळ शब्द नियमाने वागतात.

सर्वांत मोठा ढीग जोराच्या जागेचा. परमिट, रेकॉर्ड, काँट्रॅक्ट, ऑब्जेक्ट, कंडक्ट, डेझर्ट, आणि वर आलेला रेफ्यूस. नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि जोर हलला की स्वरही बदलतो. नोंद ती ‘रेकॉर्ड’, नोंद करणे ते ‘रिकॉर्ड’. वाळवंट ‘डेझर्ट’, जहाज सोडून पळून जाणे ‘डिझर्ट’. खलाशाच्या करारात हा दुसरा शब्द असू शकतो आणि तिथे वाळवंट वाचून चालत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी जोडपी इंग्रजीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, विसाव्या शतकात ती दीडशेच्या घरात गेली. म्हणजे हा चालू असलेला, वाढता नियम आहे. मराठी माणसाला तो जड जातो याची दोन कारणं मला दिसतात. मराठीत जोर हलवल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. दुसरं असं की हे शब्द आपल्याकडे नामं म्हणूनच आले. मासेमारीचं परमिट, रेशनचं रेकॉर्ड, रस्त्याचं काँट्रॅक्ट. त्यामुळे नामाचा उच्चार आधीच जिभेवर बसलेला असतो आणि क्रियापदाच्या जागीही तोच येतो.

दुसरा ढीग लहान, शेवटच्या ‘स’ आणि ‘झ’चा. जवळचा या अर्थी ‘क्लोस’, बंद करणे ‘क्लोझ’. उपयोग ‘यूस’, वापरणे ‘यूझ’. घर ‘हाउस’, आत ठेवणे ‘हाउझ’. दोन जहाजं धोकादायक इतकी जवळ आली तर त्या स्थितीच्या नावात ‘क्लोस’ आहे, आणि झडप लावायला सांगताना ‘क्लोझ’. हा ढीग त्याला एका बसणीत आला.

तिसरा, ज्यांचा शेवट ए-टी-ई. क्रियापदात ‘एट’, विशेषणात किंवा नामात आखूड ‘इट’. सेपरेट आणि सेपरिट, एस्टिमेट आणि एस्टिमिट. हवामानाच्या इंग्रजी सूचनेत समुद्राची स्थिती ‘मॉडरिट’ असते, म्हणजे लाटा साधारण सव्वा ते अडीच मीटर. लाटांचा हा अंदाज त्याला आकड्याशिवायही होता.

चौथा ढीग बिननियमाचा. तो मोठा नाही, पण त्यातले शब्द सतत लागणारे. लीड-लेड, विंड-वाइंड, वूंड-वाउंड, टिअर-टेअर, बो-बाव, रीड-रेड, लिव्ह-लाइव्ह, मिनिट-माइन्यूट. आर-ओ-डब्ल्यू वल्हवण्यासाठी आणि रांगेसाठी ‘रो’, भांडणासाठी ‘राव’. बी-ए-एस-एस मासा असेल तर ‘बॅस’, गाण्यातला खर्ज असेल तर ‘बेस’. रायगडातला जिताडा किंवा गोव्यातला चोणक तो इंग्रजीत आशियाई सी-बॅस. हे शब्द रोज बोलून, ऐकून, वाक्यात घालूनच येतात. त्यासाठी मी त्याच्या फोनवर वाक्यं म्हणून ठेवली. जाळं सांधताना कानात घालून ऐकायचा. आधी आवाज, मग कागद, हा क्रम आम्ही इथे पाळला.

एक अडचण नव्याने उभी राहिली, ती नोंदवायला हवी. ‘वाइंड’ पक्का झाल्यावर त्याने नांगराची साखळी ओढणाऱ्या यंत्राला, ज्याला जहाजावर ‘विंडलस’ म्हणतात, ‘वाइंडलस’ म्हणायला सुरुवात केली. तर्क अगदी बरोबर होता. तो शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थच गुंडाळायचा दांडा असा आहे. तरी उच्चार ‘विंडलस’. जहाजावरच्या शब्दांत असं पुष्कळ आहे: डेकवरच्या मुकादमाला बी-ओ-ए-टी-एस-डब्ल्यू-ए-आय-एन असं लांबलचक लिहितात आणि ‘बोसन’ म्हणतात, जहाजाच्या पुढच्या उंच भागाला लिहितात ‘फोरकासल’ आणि म्हणतात ‘फोक्सल’. खलाशांच्या तोंडी घासून आखूड झालेले हे शब्द. यांची वेगळी यादी केली आणि तर्क लावू नकोस, ऐकूनच घे, असं सांगितलं. नियम शिकवल्यावर मुलं तो पलीकडे ताणतात. ते समजून घ्यावं लागतं, रागावून उपयोग नाही.

पुढे काय झालं

त्याच वर्षी दुसऱ्या एका संस्थेच्या तोंडी चाचणीत तो पास झाला आणि प्रशिक्षणाला गेला. तिथे त्याला जहाजांवरच्या बोलण्याची प्रमाणित वाक्यं शिकवतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ती 2001 साली स्वीकारली. त्यांत आकडे एकेक करून म्हणतात: दीडशे असेल तर एक, पाच, शून्य. परवानगी आणि शक्यता असे दोन्ही अर्थ निघणारे ‘मे’, ‘कॅन’ यांसारखे शब्द टाळायचे असतात. वाक्याच्या आधी ते प्रश्न आहे, सूचना आहे की इशारा, हेही सांगता येतं. रेडिओवर गैरसमज होऊ नये म्हणून ही सगळी काळजी आहे आणि ती फार विचारपूर्वक घेतलेली आहे. मात्र ती बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याची काळजी झाली. वाचणाऱ्याची तशी कोणी घेत नाही. यंत्रांच्या पुस्तिका, भिंतीवरच्या पाट्या, करार यांत लेड, वाउंड, रेफ्यूस सगळे बिनखुणेचे उभे असतात.

त्याच्या अडचणी संपलेल्या नाहीत. ‘रीड’ आणि ‘रेड’ घाईत अजून चुकतो. जोराची जागा त्याला ऐकू येऊ लागली आहे, पण बोलताना ‘परमिट’ दोन्हीकडे तसाच निघतो. शुद्ध बोलण्याआधी ऐकून कळणं महत्त्वाचं, असं माझं मत आहे. समोरच्याचा हुकूम कळला पाहिजे. स्वतःचा जोर चुकला तरी वाक्यावरून कळतं.

माझा खरा आग्रह दोन ठिकाणी आहे. एक गाईड छापणाऱ्यांकडे. उच्चाराचा एकच रकाना देऊन त्यापुढे दोन-तीन अर्थ छापणं बंद करा. उच्चार वेगळा असेल तर ती वेगळी ओळ आहे, वेगळा शब्द आहे. आणि ‘इंग्रजीचे विचित्र शब्द’ म्हणून हे सगळे एकत्र गोळा करून शाळेच्या फळ्यावर लावण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. त्यातून मुलांना वाटतं की या भाषेला काही धरबंध नाही, मग पाठांतरच बरं. प्रत्यक्षात नियमाचे ढीग मोठे आहेत.

दुसरा आग्रह परीक्षकांकडे. खेड्यातून आलेल्या मुलाने उत्तर भलतंच दिलं, तर शेरा लिहिण्याआधी तो एक शब्द कागदावर लिहून त्याच्यासमोर धरा. या मुलासमोर बी-ओ-डब्ल्यू धरला असता, तर नाळेवरच्या पहाऱ्याबद्दल त्याने मोडक्या का होईना इंग्रजीत जे सांगितलं असतं ते त्या खोलीत कोणी ऐकलं नसेल. कागद दाखवल्यावरही उत्तर आलं नाही, तर खुशाल कमकुवत लिहा.

त्याच्या वाडीतली आणखी काही मुलं बंदीच्या दिवसांत येऊ लागली आहेत. त्यांच्या वहीला आता चार रकाने आहेत. चौथ्यात एक पूर्ण वाक्य असतं, आणि उच्चाराचा रकाना ते वाक्य वाचून झाल्यावर, ऐकूनच भरायचा असतो.